एकाच फॉन्टात दोन प्रकारचे ल, हरवलेले ऱ्य आणि न सापडणारे शब्द : जोडाक्षरांची रूपे ताब्यात कशी ठेवायची?

कानामात्रा यांचा प्रश्न (प्रश्नकर्ता आणि उत्तरे देणारे सगळे टोपणनावांनी लिहितात)

सुमारे २४० पानांची माहितीपुस्तिका लावतो आहे. मूळ मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात होता, तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला. काही प्रकरणे मात्र लेखकांनी थेट युनिकोडमध्ये टंकून दिली आहेत. संपादन लिबरऑफिस रायटरमध्ये चालू आहे, अंतिम मांडणी इनडिझाइनमध्ये होईल. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. अडचणी अशा :

एक, काही परिच्छेदांत ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, काहींत हिंदी वळणाचे. फॉन्टाचे नाव तेच, आकार तोच. एका पानावर तर एकाच ओळीत दोन्ही ल आहेत.

दोन, ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’ हे शब्द काही ठिकाणी बरोबर, काही ठिकाणी रफार घेऊन ‘शेतकर्यांना’, ‘दुसर्या’ असे. जिथे बरोबर दिसतात तिथेही शोध घेतला की सगळे सापडत नाहीत.

तीन, ‘प्रश्न’, ‘शक्ती’, ‘विश्वास’ यांचेही तेच. डोळ्यांना दिसतात, शोधाला दिसत नाहीत. शिवाय ‘क्त’ दोन तऱ्हांनी उमटतो.

चार, पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात.

ग्लिफ पॅलेट (फॉन्टातल्या सगळ्या अक्षररूपांचा तक्ता) उघडून हवे ते रूप एकेक करून बसवत जायचे, की काही सरळ मार्ग आहे?

---

अक्षरजुळारी

ग्लिफ पॅलेटला अजिबात हात लावू नका. चार अडचणी वेगवेगळ्या मजल्यांवरच्या आहेत. पहिली भाषेच्या खुणेची, दुसरी-तिसरी मजकुरातल्या चिन्हांची, चौथी निर्यातीची. मी पहिलीबद्दल लिहितो.

युनिकोडमध्ये ल एकच आहे, कोड ०९३२. पाकळीयुक्त (मराठी) ल आणि दंडयुक्त (हिंदी) ल ही त्याची दोन रूपे झाली. त्यांना वेगळे कोड नाहीत, फॉन्टात वेगळे ग्लिफ असतात. कोणते रूप उमटवायचे हे ओपनटाइपमधली (आजच्या फॉन्टांच्या प्रमाण स्वरूपातली) ‘लोकल’ नावाची सोय ठरवते आणि ती सोय मजकुरावर लावलेली भाषा पाहते. भाषा मराठी असेल तर मराठी ल आणि श. हिंदी, संस्कृत, ‘काही नाही’ किंवा इंग्रजी असेल तर फॉन्टाचे मूळ रूप, आणि नोटोत ते हिंदी वळणाचे आहे. तुमच्या एका ओळीत दोन ल आहेत, म्हणजे त्या ओळीतला एखादा तुकडा दुसरीकडून चिकटवला गेला आणि येताना हिंदीची खूण घेऊन आला.

तपासणी सोपी आहे. चुकीच्या ल वर कर्सर ठेवा आणि खालच्या स्थितिपट्टीत भाषा कोणती दिसते ते पाहा.

दुरुस्ती अशी. आधी ‘टूल्स – ऑप्शन्स – लँग्वेजेस अँड लोकेल्स’ मध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू आहे ना ते पाहा आणि त्याची मूळ भाषा मराठी करा. मग ‘टूल्स – लँग्वेज – फॉर ऑल टेक्स्ट – मराठी’. हे चालू मजकुराला लागते, शैलींना लागत नाही. म्हणून ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ उघडून फॉन्टच्या टॅबमध्ये कॉम्प्लेक्स भागातली भाषाही मराठी करा. रायटर प्रत्येक तुकड्याला तीन भाषा लावतो : पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स. देवनागरी तिसऱ्या खान्यात येते. पुष्कळ जण पहिल्या खान्यात मराठी निवडतात आणि मग काहीच बदलले नाही म्हणून फॉन्टाला दोष देतात.

‘क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग’ हा झटपट उपाय कोणी सुचवेल. त्याने भाषेची खूण जाते हे खरे, पण हाताने केलेले ठळक आणि तिरपे अक्षरही जाते. तो वापरायचाच तर आधी ठळक मजकुराला वर्णशैली लावून घ्या.

एक खाचखळगा : दुव्यांसाठीची ‘इंटरनेट लिंक’ ही वर्णशैली अनेक आवृत्त्यांत मुळातच ‘भाषा नाही’ अशी ठरवलेली असते, वर्तनीतपासणीने संकेतस्थळांच्या पत्त्यांखाली लाल रेघा ओढू नयेत म्हणून. त्यामुळे दुवा दिलेल्या मराठी शब्दातला ल हट्टाने हिंदी राहतो. त्या शैलीतही कॉम्प्लेक्स भाषा मराठी करा.

सगळे झाल्यावर खात्री हवी असेल तर ओडीटी फाइलची एक प्रत झिप म्हणून उघडा आणि आतल्या कंटेंट व स्टाइल्स या दोन एक्सएमएल फाइलींमध्ये ‘लँग्वेज-कॉम्प्लेक्स’ हा गुणधर्म शोधा. त्याची किंमत कुठे हिंदीची, कुठे ‘झेडएक्सएक्स’ (म्हणजे ‘भाषा नाही’) दिसली तर ती शैली राहिली आहे.

फॉन्ट तपासण्यासाठी नुसता ल टंकून थांबू नका. ‘लोकल’ची अदलाबदल सगळ्यात आधी होते आणि अर्धी अक्षरे त्यानंतर जुळतात. म्हणजे अर्धा ल तयार करताना अक्षरे आकारणाऱ्या इंजिनाच्या हातात आधीच मराठी ल असतो. फॉन्ट करणाऱ्याने त्या मराठी ल साठी अर्ध्याचा नियम लिहिला नसेल तर ‘कल्याण’मध्ये पाय मोडलेला ल् दिसेल. मी नेहमी ही ओळ लावून पाहतो : मुलगा, कल्याण, उल्लेख, श्लोक, निश्चित, विश्व, प्रश्न, श्री, ५८९. शेवटचे अंक मुद्दाम, कारण काही फॉन्टांत त्यांचीही मराठी-हिंदी रूपे वेगळी असतात.

---

रफार

दुसऱ्या अडचणीवर.

ऱ्य लिहिण्याचे युनिकोडमध्ये दोन अधिकृत मार्ग आहेत आणि दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात :

पहिला : ऱ (०९३१) + हलन्त (०९४डी) + य.
दुसरा : र (०९३०) + हलन्त + झिरो विड्थ जॉइनर (२००डी, अर्धे रूप दाखवायला सांगणारे अदृश्य चिन्ह, पुढे नुसते ‘जॉइनर’) + य.

पहिला मार्ग आयएससीआयआय या युनिकोडआधीच्या भारतीय लिपी-मानकाच्या परंपरेतून आला, दुसरा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला गेला. तुमच्या फाइलीत परिवर्तकाने बहुधा दुसरा वापरला आहे आणि इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर) टंकणाऱ्या लेखकांनी पहिला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की ऱ, मग डी वर हलन्त, मग य. शोधखिडकीत तुम्ही एक प्रकार टंकता, म्हणून दुसरा सापडत नाही.

पहिलाच ठेवा. जॉइनर अदृश्य असतो. ईमेल, संकेतस्थळांचे अर्ज, एखादा ‘मजकूर स्वच्छ करणारा’ मॅक्रो (साठवून ठेवलेली आज्ञांची मालिका) यांतून जाताना तो गळतो, आणि गळला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातून थेट समुद्रात. तुमच्याकडे जिथे रफार दिसतो तिथे नेमके हेच झाले असणार.

रायटरच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर खूण करा. शोधायच्या चौकटीत बॅकस्लॅश, लहान यू आणि चार आकडी कोड अशा पद्धतीने तिन्ही चिन्हे सलग लिहा : ०९३०, ०९४डी, २००डी. हे सगळे रोमन कळफलकावरून टंकायचे, देवनागरी अंक चालत नाहीत. बदलायच्या चौकटीत ‘ऱ्’ चिकटवा. आधी ‘फाइंड ऑल’ दाबून संख्या टिपून घ्या, बदलल्यावर तेवढेच बदल झाले का ते पाहा.

आणखी एक जात असते : र + नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका (०९३० + ०९३सी). युनिकोडच्या प्रमाण विघटनात, म्हणजे अक्षर सुट्या चिन्हांत फोडताना, ऱ चे हेच दोन तुकडे होतात. मॅकवरच्या जुन्या एचएफएस प्लस प्रणालीत फाइलींची नावे अशीच तुटलेली साठवली जात, त्यामुळे नावांवरून तयार केलेल्या याद्यांत हे हमखास सापडते. तेही शोधून ऱ करा.

आता जिथे जॉइनर आधीच गळला आहे तिथे काय? तिथे यंत्र एकटे पुरत नाही, कारण ‘र्य’ हाही बरोबर असू शकतो. ढोबळ नियम असा की संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत रफार : कार्य, सूर्य, पर्याय, मर्यादा, धैर्य, पर्यंत. मराठी शब्दाच्या सामान्यरूपात किंवा अनेकवचनात ‘री/रा’चे ‘ऱ्या’ होते : पायऱ्या, नोकऱ्या, वाऱ्यावर, साऱ्या, कोऱ्या. ह च्या आधी तर मराठी शब्दांत जवळजवळ नेहमी ऱ्ह : कुऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, वऱ्हाड, ऱ्हास.

काही तुकडे डोळे मिटून बदलता येतात. ‘णार्या’चे ‘णाऱ्या’ (येणाऱ्या, करणाऱ्या), ‘सर्या’चे ‘सऱ्या’ (दुसऱ्या, तिसऱ्या), ‘कर्यां’चे ‘कऱ्यां’ (शेतकऱ्यांना, गावकऱ्यांनी). ‘कार्यांना’ या शेवटच्या जाळ्यात अडकत नाही, कारण तिथे क आणि र् यांच्यामध्ये काना आहे. ‘चार्यां’ मात्र ‘रिप्लेस ऑल’ने कधीही बदलू नका. ‘कर्मचाऱ्यांना’ सुधारतील, पण ‘आचार्यांना’ शिकवायचे सोडून ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाकाला लागतील. ते एकेक पाहूनच.

---

कानामात्रा

भाषेची दुरुस्ती केली, ल आणि श जागेवर आले. दुव्यांतले ल खरोखरच राहिले होते, तेही बदलले. ‘कल्याण’ ठीक उमटतो. र + हलन्त + जॉइनरचे १,१८६ निघाले!

आता ‘क्त’कडे वळतो. मजकुरातले सगळे जॉइनर एका फटक्यात उडवून टाकले तर चालेल का? आणि अदृश्य चिन्ह कुठे आहे हे डोळ्यांनी कसे ओळखायचे?

---

जोडाक्षर

एका फटक्यात उडवता येतील, पण क्रम चुकला तर परत फिरता येणार नाही. क्रम असा ठेवा.

१) र + हलन्त + जॉइनर → ऱ + हलन्त. हे तुम्ही केले आहे.

२) अ + जॉइनर + ॅ → ॲ (०९७२). ‘ॲसिड’, ‘ॲप’ यांतले हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर आणि अजूनही काही कळफलक अ, जॉइनर, ॅ अशी त्रिकूट रचना वापरतात. काही ठिकाणी जॉइनरशिवाय नुसते अ + ॅ असते, तेही याच वेळी बदला. मधला जॉइनर आधी काढला तर काही इंजिने ॅ ला निराधार समजून त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढतात. ऍ (०९०डी) हे वेगळे अक्षर आहे, ए वर चंद्र असलेले. मराठी पुस्तकात ते आले असेल तर बहुतेक वेळा ॲ हवा असतो, पण पाहून बदला.

३) आता उरलेले जॉइनर शोधा. हलन्त + जॉइनर + व्यंजन अशा जागी तो काढून टाका. ‘क्‍त’, ‘श्‍न’, ‘श्‍व’ मोकळे होतील आणि फॉन्टाला जे जोडरूप योग्य वाटते ते लागेल.

४) ज्या जॉइनरपुढे व्यंजन नाही ते ठेवा. व्याकरणाच्या पाठात नुसते अर्धे अक्षर दाखवायचे असते, जसे ‘क्‍’ किंवा ‘श्‍’, तिथे तो हवाच. नाहीतर पाय मोडलेले क् दिसेल.

परिवर्तकाने ही घाण का केली हेही सांगतो. जुन्या फॉन्टांत अर्धा क हे स्वतंत्र खिळ्यासारखे स्वतंत्र कोडाचे चिन्ह असे. परिवर्तक बापडा त्या खिळ्याचे भाषांतर ‘क + हलन्त + जॉइनर’ असे करतो, म्हणजे पडद्यावर अर्धा क नक्की दिसेल. पुढे त येतो की आणखी काही, हे तो पाहत नाही. त्यामुळे एकाच पुस्तकात परिवर्तित प्रकरणांत आडवा ‘क्‍त’ आणि थेट टंकलेल्या प्रकरणांत जोडलेला ‘क्त’ असे दोन संसार नांदतात.

ओळखायची युक्ती : शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबा. बॅकस्पेस अक्षर एकदम न खाता एकेक चिन्ह खातो. ‘क्त’मधला त गेल्यावर लगेच पाय मोडलेला क् दिसला तर जॉइनर नव्हता. आधी अर्धा क्‍ दिसला आणि आणखी एकदा दाबल्यावर क् झाला तर होता. मग कंट्रोल+झेड. एखाद्या चिन्हाचा कोडच पाहायचा तर त्याच्यामागे कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबा, पुन्हा दाबले की चिन्ह परत येते. हे वर्ड आणि रायटर दोन्हीकडे चालते. उलट दिशेनेही : रोमनमध्ये २००डी टंकून ऑल्ट+एक्स दाबले की जॉइनर बसतो.

आता नॉन-जॉइनर, म्हणजे २००सी. तो सरसकट काढू नका. ‘वाङ्‌मय’, ‘सद्‌गुरू’, ‘उद्‌घाटन’, ‘षट्‌कोन’ अशा शब्दांत लेखकाने किंवा मुद्रितशोधकाने तो जाणूनबुजून घातलेला असतो, एकाखाली एक अक्षरे रचली जाऊ नयेत म्हणून. द, ट, ड, ह, ङ यांना शेवटी उभा दंड नाही म्हणून त्यांचे नेहमीसारखे अर्धे रूपही नाही. त्यांच्यापुढे जॉइनर घातला तरी पाय मोडलेलेच रूप दिसते. इथे निवड दोनच : उभी जोडणी किंवा पाय मोडणे. पुस्तकभर एकच धोरण ठरवा आणि शब्दांची यादी करून त्यानुसार बदला. माझा कल असा : द्ध, द्य, द्व, ट्ट या रोजच्या जोडण्या जोडलेल्याच ठेवाव्यात, ‘उद्‌घाटन’सारखे दुर्मिळ जोड दहा पॉइंटांखालच्या अक्षरात चिखल होतात, ते मोडावेत.

---

उकार

या सगळ्यात ‘स्टायलिस्टिक सेट’ हा मार्ग कुणी घेतलाच नाही. काही फॉन्टांत सोपी जोडाक्षरे, पर्यायी झ, वेगळे अंक असे संच दिलेले असतात. एसएस०१, एसएस०२ अशी त्यांची नावे. पूर्ण पुस्तकात एकच रूप हवे असेल तर मजकुरात अदृश्य चिन्हे पेरण्यापेक्षा संच चालू करणे केव्हाही बरे. मजकूर स्वच्छ राहतो, शोध चालतो, मत बदलले तर एका शैलीत बदलता येते.

रायटरमध्ये ‘फॉरमॅट – कॅरेक्टर’च्या फॉन्ट टॅबवर ‘फीचर्स’चे बटण आहे (६.२ पासून). खूण केली की फॉन्टाच्या नावापुढे अपूर्णविराम आणि सोयीचे नाव जोडले जाते. दोन सोयी हव्या असतील तर मध्ये अँपरसँड, बंद करायची असेल तर आधी वजाचे चिन्ह. हे हातानेही लिहिता येते, त्यासाठी ५.३ आवृत्तीही पुरते. तिथेच ‘लँग’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे भाषेचा कोड देण्याचीही सोय आहे, पण भाषा शैलीतून लावणे जास्त टिकाऊ.

गोम अशी की ही फाइल डॉकएक्स म्हणून जतन करून दुसऱ्याला पाठवताना नाव अपूर्णविरामासकट गेले, तर वर्ड त्या नावाचा फॉन्ट शोधत बसते, तो मिळत नाही, आणि मजकूर दुसऱ्याच फॉन्टात उघडतो. पाठवण्याआधी फॉन्टचे नाव साधे करा.

वर्डमध्ये कंट्रोल+डी, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब. तिथे संच एका वेळी एकच निवडता येतो, आणि ‘कॅरेक्टर व्हेरियंट’ जातीच्या (एकेका अक्षराचे पर्यायी रूप देणाऱ्या) सोयींना तिथे जागाच नाही. शैली बदलताना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फॉन्ट बदला. वरचा लॅटिन फॉन्ट बदलून देवनागरीवर काही परिणाम होत नाही, हे न कळल्याने लोक तासन्‌तास घालवतात.

एक लक्षात ठेवा : अर्धरूप, रफार, क्ष-ज्ञ यांची अखंड रूपे, खाली लागणारा र, या सोयी देवनागरीच्या आकारणाचा पाया आहेत आणि इंजिन त्या स्वतःहून चालू ठेवते. यादीत दिसल्या म्हणून त्यांवरच्या खुणा काढून प्रयोग करू नका.

---

पानमांडणी

इनडिझाइनमध्ये नेण्याआधी हे वाचा, नाहीतर वरची मेहनत वाया जाईल.

परिच्छेदशैलीत ‘जस्टिफिकेशन’ विभागात ‘कंपोझर’ (अक्षरे आणि ओळी जुळवणारी यंत्रणा) आहे. तो ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ हवा. साधा कंपोझर राहिला तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. हे दिसले की फॉन्ट बिघडला असे समजून लोक फॉन्ट बदलतात, तो निष्पाप असतो. कंपोझर मूळ परिच्छेदशैलीतच लावा, बाकीच्या शैली तिच्यावर आधारलेल्या ठेवा.

त्याच शैलीत ‘ॲडव्हान्स्ड कॅरेक्टर फॉरमॅट्स’मध्ये भाषा मराठी. ल-श ची तीच गोष्ट इथेही आहे. रायटरमधून आलेला तुकडा आपली भाषा घेऊन येतो आणि शैलीच्या नावापुढे अधिकचिन्ह दिसते. ऑल्ट धरून शैलीच्या नावावर क्लिक केले की हाताने केलेले बदल जातात आणि वर्णशैली राहतात. ऑल्ट+शिफ्ट धरले तर वर्णशैलीही जातात. म्हणून ठळक, तिरपे यांना आयात करण्याआधीच वर्णशैली द्या.

ग्लिफ पॅनेलबद्दल अक्षरजुळारींनी ‘अजिबात नको’ म्हटले आहे, मी थोडे सैल सोडतो. मुखपृष्ठावर, प्रकरणाच्या शीर्षकात एखादे पर्यायी रूप त्यातून घ्यायला हरकत नाही. पण तिथे दोन गोष्टी होतात. निवडलेला ग्लिफ एखाद्या ओपनटाइप सोयीतून मिळत असेल तर इनडिझाइन मूळ अक्षर तसेच ठेवून ती सोय लावते. तसा रस्ता नसेल तर थेट ग्लिफचा क्रमांक चिकटवते. फॉन्ट बदलला, किंवा त्याच फॉन्टाची नवी आवृत्ती आली आणि क्रमांक सरकले, की तिथे भलतेच चिन्ह उगवते. २४० पानांच्या चालू मजकुरात हा सापळा नको.

समासाला भिडवलेल्या मजकुरासाठी : वर्ड स्पेसिंग ८०/१००/१३३ हे मूळ आकडे देवनागरीला चालतात. लेटर स्पेसिंग तिन्ही खान्यांत शून्यच ठेवा, ग्लिफ स्केलिंग १००. ट्रॅकिंगही (अक्षरांमध्ये सरसकट घातलेले अंतर) शून्य. रोमन मजकुरात शीर्षक मोकळे करायला ट्रॅकिंग +४० देण्याची सवय असते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळ फार सैल पडली तर शब्द बदला किंवा स्तंभाची रुंदी वाढवा.

---

अक्षरजुळारी

ट्रॅकिंगचे अगदी खरे. वर्डमधले ‘एक्स्पांडेड’ अंतरही तेच करते.

फॉन्टाबद्दल एक पर्याय मांडायचा राहिला. मजकूर अनेक हातांतून जाणार असेल, ईमेलमध्ये साधा मजकूर म्हणून चिकटवला जाणार असेल, तर भाषेची खूण कुठेतरी गळणारच. अशा वेळी ज्याची मूळ रूपेच मराठी आहेत असा फॉन्ट घ्या. टिरो देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट मोफत मिळतात. त्यातला मराठीचा वापरला तर ल-श भाषेच्या खुणेवर अवलंबून राहत नाहीत. तो सान्स नाही, म्हणून तुमच्या पुस्तिकेला कदाचित जमणार नाही. शिवाय आत्ता फॉन्ट बदललात तर ओळींची उंची आणि पानांची संख्या बदलेल, सूची पुन्हा करावी लागेल. पुढच्या कामाला विचार करा.

---

वेलांटी

पीडीएफचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून.

पीडीएफ अक्षरे साठवत नाही, ग्लिफ साठवते, आणि तेही छापले जातात त्या क्रमाने. ‘शिक्षण’मध्ये कागदावर आधी वेलांटी येते मग श, मजकुरात आधी श मग वेलांटी. ‘मूर्ती’मधला रफार कागदावर त च्या डोक्यावर असतो, मजकुरात त च्या आधी. प्रत्येक ग्लिफचा युनिकोड सांगणारा तक्ता पीडीएफमध्ये असतो, आणि क्ष सारखा एक ग्लिफ तीन चिन्हांचा आहे हे त्यात लिहिता येते, पण क्रम उलटा आहे हे त्यात लिहिता येत नाही. त्यासाठी ‘ॲक्चुअल टेक्स्ट’ नावाची दुसरी सोय आहे : ग्लिफांच्या एका पुंजक्याला मूळ मजकूर जोडून ठेवायचा. निर्यात करणाऱ्या सॉफ्टवेअरने तो लिहिला आणि पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने तो मानला, तरच कॉपी नीट होते.

म्हणून :

रायटरमधून ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ने काढा, ‘टॅग्ड पीडीएफ’वर खूण ठेवा. वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ने पीडीएफ करा आणि पर्यायांत ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज’ चालू ठेवा. दोन्हीकडे ‘प्रिंट टू पीडीएफ’ टाळा. छपाईच्या मार्गाने गेलेला मजकूर आपली मूळ ओळख वाटेतच सोडतो. झीलाटेक (लिखित आज्ञांतून पाने लावणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी त्याच्या झीटेक इंजिनाचा ‘जनरेट ॲक्चुअल टेक्स्ट’ हा स्विच १ करावा, तो मुळात बंद असतो. फॉन्टस्पेक या त्यातल्या फॉन्ट निवडणाऱ्या पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी अशी दोन्ही द्यावी लागतात. नुसती लिपी दिली तर तिथेही हिंदी ल येतो. ल्युआलाटेक या त्याच्या भावंडात देवनागरीसाठी रेंडरर (अक्षरे आकारणारे इंजिन) हार्फबझ निवडायचा.

चाचणी : निश्चित, कुऱ्हाड, शिक्षण, मूर्ती, ॲसिड हे पाच शब्द पीडीएफमधून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, आणि एकाऐवजी दोन वेगळ्या वाचकांत (पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरांत), कारण एक ‘ॲक्चुअल टेक्स्ट’ मानतो आणि दुसरा मानत नाही असे सर्रास होते. छापखान्याला पाठवायच्या पीडीएफला याची गरज नाही. संकेतस्थळावर ठेवायची प्रत असेल, किंवा दृष्टिहीन वाचक ती वाचकयंत्रावर ऐकणार असतील, तर मात्र हे करायलाच हवे.

---

कानामात्रा

क्रमाने केले : ऱ्य, मग ॲ, मग उरलेले जॉइनर. ‘चार्यां’ची ४३ ठिकाणे हाताने पाहिली, ६ खरोखरच आचार्य होते. शोध आता सगळीकडे चालतो. पीडीएफच्या पाचही शब्दांची चाचणी एका वाचकात पास, दुसऱ्यात फक्त ‘मूर्ती’ बिघडते.

एकच राहिले. लेखक अजून दुरुस्त्या पाठवत आहेत, आणि त्यांतून जुने प्रकार पुन्हा आत येतात.

---

रफार

त्यांच्या दुरुस्त्या थेट फाइलीत चिकटवू नका. ‘पेस्ट स्पेशल – अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ने आणा, कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही. परकी भाषा, परका फॉन्ट बाहेरच राहतो आणि तुमच्या परिच्छेदाची मराठी लागते. जॉइनर मात्र या दारातूनही आत येतात, ती चिन्हे आहेत, सजावट नाही. त्यामुळे जोडाक्षर यांचे पहिले तीन शोध एका मॅक्रोत याच क्रमाने रेकॉर्ड करून ठेवा आणि दर दुरुस्तीनंतर चालवा. रायटरमध्ये मॅक्रो रेकॉर्डर आधी ‘ऑप्शन्स – ॲडव्हान्स्ड’मधून चालू करावा लागतो, मग तो ‘टूल्स – मॅक्रोज’मध्ये दिसतो. ‘चार्यां’ त्यात घालू नका.